ओलं गोणपाट आणि गणिताचं मशीन

परवा नात घरी आली होती. ती क्वांटम कॉम्प्युटरवर काम करते... म्हणजे नेमकं काय करते, ते मला आजवर धड कळलं नव्हतं.

म्हणाली, आबा, साध्या कॉम्प्युटरला वर्षानुवर्षं लागतील अशी काही गणितं हा पुढेमागे चुटकीसरशी सोडवेल. त्याची चिप वीज अगदी नावाला खाते. खरी वीज लागते ती चिपला गारठवून ठेवणाऱ्या फ्रीजला, कारण जराशी ऊब लागली की गणित विसकटतं.

हे ऐकलं आणि मी थेट एकाहत्तर सालात जाऊन पोचलो...

श्रीरामपूरकडच्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये मी नवाच लागलो होतो. उसाच्या रसात साखर किती, हे लॉग टेबलच्या पुस्तकावरून काढताना माझा जीव मेटाकुटीला यायचा. त्या हंगामात विजेवरचं कॅल्क्युलेटर आलं, चांगलं ट्रंकेएवढं. तेच गणित आता मिनिटभरात. मशीन माझ्या ताब्यात, त्यामुळे माझी कॉलर एकदम ताठ.

पण ते तापायचं फार, आणि तापलं की भलतेच आकडे दाखवायचं. लॅबचे शिपाई तात्या माझ्या वडिलांच्या वयाचे. एकदा जेवायला जाताना मी ऐटीत त्यांना सांगून गेलो, "तात्या, याला जरा गार ठेवा."

परत आलो तर मशीनला ओलं गोणपाट गुंडाळलेलं. लॅबमधल्या पाण्याच्या माठाला तात्या रोज गुंडाळायचे, अगदी तसंच... मशीन कायमचं बंद पडलं.

चीफ केमिस्ट आले आणि हे कोणी केलं म्हणून कडाडले. माझी नोकरी कच्ची, घरी आई आणि दोन बहिणी. तात्याच पुढे झाले.

"माज्याच डोक्यातलं खूळ, सायेब. मला कुनी सांगितलं न्हवतं."

त्यांना ऊस उतरवायच्या यार्डात टाकलं, भर उन्हात. दुसऱ्या दिवशी मी तिथे गेलो, तर उलट तेच माझी समजूत घालायला लागले.

"मी पक्का हाय, भाऊसायेब. मला यार्डात धाडलं. तुमाला घरी धाडलं असतं."

त्याच नोकरीवर मी दोन्ही बहिणींची लग्नं केली. साहेबांना खरं सांगायची हिंमत मला कधीच झाली नाही, आणि तात्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. याची लाज अजून वाटते...

म्हणून आज इथे सगळ्यांसमोर लिहितो. चूक तात्यांची नव्हती. गार ठेवायला मी सांगितलं होतं.