खारट टपातला पालक

आमच्या काकांना शाळेतली मुलं ‘परासरण सर’ म्हणायची. काकांनी उभा जन्म जीवशास्त्र शिकवलं, पण जीव परासरणाच्या एकाच धड्यावर. कांद्याचा पापुद्रा मिठाच्या पाण्यात ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकातून बघायचं. बाहेर मीठ जास्त, म्हणून पेशीतलं पाणी बाहेर पडतं, आतला ऐवज भिंतीपासून सुटून आकसतो. मग साधं पाणी घातलं, की ते आत शिरतं आणि पेशी पुन्हा ताठ होते. हे सांगताना काका स्वतःच टाळ्या वाजवायचे. वर्गात दुसऱ्या कुणी कधी वाजवल्या नाहीत.

निवृत्तीनंतर काका घरी खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसू लागले. जेवायला हाक मारली तरी ओ देईनात. शेवटी काकू त्यांना आपल्या भाजीच्या गाळ्यावर नेऊ लागली. तिथे त्यांनी टोमॅटो रंगाच्या उतरत्या क्रमाने लावले. वांगी घ्यायला आलेल्या बाईला वांग्याचं अख्खं कूळ सांगितलं. ती काही न घेता गेली. काकूने निर्वाणीचं सांगितलं, “अहो, आता एक जरी घोळ घातलात ना, तर घरीच बसा.” काकांना त्या खुर्चीची भीती वाटायची. हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

त्या सकाळी खानावळवाला पालक न्यायला येणार होता. टवटवीत राहावी म्हणून काकू पालेभाजी टपातल्या पाण्यात ठेवते. दुसऱ्या टपात फ्लॉवर. अळ्या निघाव्यात म्हणून त्यात भरपूर मीठ. फ्लॉवर काढून ठेवून काकू घाऊक बाजारात गेली, आणि काकांनी साधं पाणी समजून सगळा पालक त्या दुसऱ्या टपात घातला.

थोड्या वेळाने पानांनी माना टाकल्या. एखाद्या अडाण्याने पालक बाहेर काढला असता. काकांना मात्र कारण ठाऊक होतं: पेशींना पाणी कमी पडतंय. त्यांनी जुड्या आणखी खोल दाबल्या. मी शेजारी लसूण निवडत होते; म्हटलं, सरांना कळतच असेल.

काकू आली तेव्हा पालक उकडल्यासारखा दिसत होता. काकांनी टपात बोट बुडवून चाटलं.

“परासरण,” ते म्हणाले.

“कोण?” काकूने विचारलं.

सगळा पालक साध्या पाण्यात गेला. काही जुड्या खरंच ताठ झाल्या. बाकीच्या मेल्या होत्या, आणि मेलेली पेशी पाणी धरून ठेवत नाही, हेही काकांनी काकूला तेव्हाच समजावलं. गप्प बसायची वेळ त्यांना कधी ओळखता आली नाही.

खानावळवाल्याने जुडी उचलली. “ताई, हा कालचा दिसतोय.”

“आजचाच आहे,” काका म्हणाले. “मी मिठाच्या पाण्यात घातला. हिची काही चूक नाही.”

तो उभ्या राहिलेल्या जुड्या घेऊन गेला. काकांनी चपला घातल्या, पिशवी उचलली. “येतो मी,” ते काकूकडे न बघता म्हणाले.

“कुठे निघालात?” काकू खेकसली. “हा खडू घ्या. त्या टपावर मोठ्या अक्षरात ‘मीठ’ लिहा. उद्या पुन्हा तुमचा गोंधळ नको.”

काकांनी पिशवी खाली ठेवली. ‘मी’ची वेलांटी त्यांनी इतक्या वेळा गिरवली, की शेवटी ‘ठ’ काकूने काढला.