निर्मात्याचा रकाना

देवमन इंगळे मला आवडत नसे आणि मी त्याला आवडत नसे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माणूस गेला की त्याच्याबद्दल सगळेच गोड बोलतात. मला ते जमणार नाही, आणि त्याला कळलं असतं तर त्यानं मला तोंडावर खोटारडा म्हटलं असतं.

मी तेव्हा अकोल्यातल्या एका पोस्टात कारकून होतो. घरात रेडिओ ठेवायचा तर सरकारी परवाना लागण्याचे ते दिवस. दरवर्षी पोस्टात येऊन तो नवा करावा लागे, आणि ते काम माझ्या खिडकीत. लोक अर्ज पुढे सरकवत, हात जोडत, "साहेब" म्हणत. देवमन काखेतला रेडिओ काउंटरवर ठणकन ठेवायचा, त्याचं तोंड माझ्याकडे फिरवायचा आणि म्हणायचा, "लिहा."

पहिल्यांदा आला तेव्हा मी विचारलं, "निर्माता कोण?"

"मी."

"अरे, कंपनी विचारतोय."

"कंपनी नाई. मी हाय."

मी हसलो. मागची रांगही हसली. मग मी थट्टेनं विचारलं, "आणि क्रमांक?"

"एक," तो म्हणाला. तो मात्र हसला नाही. निर्माता म्हणजे कंपनीच, म्हणून मी अर्ज परत केला.

दुसऱ्या महायुद्धात तो फौजेत बिनतारी यंत्रांवर होता. परत आल्यावर जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठाला, त्यानं दुरुस्तीची टपरी टाकली. भंगारातून मेलेले रेडिओ आणायचा. एकाचे व्हॉल्व्ह, दुसऱ्याचा ट्रान्सफॉर्मर, तिसऱ्याचा भोंगा, असे पाच मोडून एक जिवंत करायचा. पेटी चहाच्या खोक्याच्या फळ्यांची. असे आणखी तीन त्याच्याकडे तयार होते, पण पहिल्याचा कागद झाल्याशिवाय एकही विकणार नाही, असा त्याचा हट्ट. परवान्यावर निर्मात्याचं नाव लिहावं लागे, आणि तिथं त्याला स्वतःचं नाव हवं होतं.

आता गंमत अशी, की असे जोडलेले रेडिओ गावात पुष्कळ होते. बाकीचे मिस्त्री मेलेल्या सेटची पितळी पाटी काढून नव्या पेटीला ठोकत, आणि आम्ही त्या पाटीवरचं कंपनीचं नाव मुकाट्यानं लिहून घेत असू. मी त्यालाही म्हटलं, "एखादी पाटी ठोक ना मागे. मी डोळे मिटून लिहितो."

त्यानं खिशातून तंबाखूची डबी काढली आणि काउंटरवर उपडी केली. वीसेक पाट्या खळखळ पडल्या.

"पाट्या लय हायेत माह्याजवळ. पन हे मेलेल्यायचे नावं हायेत. जित्याले मेल्याचं नाव कावून लावू?" मग एकेक पाटी उचलून डबीत टाकत म्हणाला, "म्हंजे बाबू, खोटं लिहिलं तं चालते, अन् खरं लिहिलं तं नाई चालत. असं लिहून द्या मले. खाली सही करा."

माझं डोकं फिरलं. तो राग नियमाचा नव्हता, हे आज कबूल करतो. मी बाळापूरकडचा, जमीनजुमला असलेल्या घरचा. आमच्या गावात त्याच्या लोकांनी ओट्याखाली उभं राहून बोलायचं, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. त्यांनी धम्म घेतला, मान वर करून चालू लागले, ते आमच्या घरात कुणाच्याच पचनी पडलं नव्हतं, माझ्याही नाही. मी म्हणालो, "तुमच्यात कोणी निर्माता झालाय का रे कधी?"

देवमन जराही गडबडला नाही.

"आता झाला ना. म्हनून तं लिहा म्हनतो. अन् रे नका म्हनू. मी तुमाले तुमी म्हनून राहिलो."

त्याच दुपारी मी इन्स्पेक्टरला कळवलं, की जुन्या शहरात विनापरवाना रेडिओ वाजतो. आठवड्यात जप्ती झाली. रेडिओ पंचनाम्यासकट आमच्याच पोस्टाच्या मागच्या खोलीत येऊन पडला, रिकाम्या पोत्यांच्या ढिगात. मला बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं.

पण देवमन सोमवारी हजर! हात रिकामे, अर्ज पुढे. "लिहा."

"कशाचं लिहू? रेडिओ कुठाय?"

"तुमच्या मांगच्या खोलीत."

दर सोमवारी हेच. ते तीन रेडिओ तसेच पडून, आणि हा पठ्ठ्या स्टोव्ह दुरुस्त करून घर चालवतोय, असं कानावर यायचं. मी म्हणायचो, मरू दे, हौस आहे ना नावाची!

मग सीमेवर लढाई सुरू झाली. आमच्या पोस्टमास्तरांचा मुलगा आघाडीवर होता. त्यांचा घरचा किमती रेडिओ नेमका तेव्हाच बंद पडला. दोन दिवस ते वेड्यासारखे फिरत होते. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "तो खोलीतला आणा हो."

मी आणला. वायर जोडली, बटण फिरवलं, आणि बातम्या सुरू झाल्या. इतका स्वच्छ आवाज मी आधी ऐकला नव्हता. आम्ही सगळे हातातली कामं टाकून त्या खोक्याभोवती उभे राहिलो. सोमवार आहे हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

मान वर केली तर खिडकीत देवमन. मान तिरकी करून ऐकत होता.

"आवाज थरथरून राहिला," तो म्हणाला. "मांगचा स्क्रू ढिला झाला. पाहून घ्या." मग शांतपणे विचारलं, "याचं लायसन कोनाच्या नावानं हाय, बाबू?"

पोस्टमास्तर जमिनीकडे पाहत राहिले. मी अर्ज ओढला. निर्मात्याच्या रकान्याशी हात अडला.

"पूर्ण नाव सांगा," मी म्हणालो.

"देवमन सोनाजी इंगळे."

मी लिहिलं आणि शिक्का मारला. त्यानं अक्षर न् अक्षर वाचून पाहिलं, कागदाची घडी केली, आत येऊन वायर काढली. परवाना झाला म्हणजे जप्ती उठली, त्याला अडवणार कोण? पोस्टमास्तर कळवळून म्हणाले, "दोन दिवस राहू द्या हो. पोराची काही खबर लागेपर्यंत."

"घरी या ना ऐकाले," देवमन म्हणाला. "सारी वस्ती बसते आंगनात." मग माझ्याकडे वळला. "तुमी बी या."

पोस्टमास्तर त्याच संध्याकाळी गेले, आणि मुलाचं पत्र येईपर्यंत रोज जात राहिले. तिथल्या चहाबद्दल मला सांगायचे. मी गेलो नाही.

पुढं दरवर्षी देवमन परवाना नवा करायला यायचा. त्याचे ते तीनही रेडिओ विकले गेले. त्यांचेही रकाने मीच भरले. तो "लिहा" म्हणायचा, मी लिहायचो. पुन्हा त्यानं मला बोलावलं नाही, आणि मीही कधी विषय काढला नाही.

त्या अंगणात मी गेलो ते देवमन वारल्याचं कळल्यावरच. कुणीतरी सरकून मला सतरंजीवर जागा दिली. ओट्यावर तो रेडिओ होता. बंद होता.