पाण्याच्या दिवशीचं गिऱ्हाईक

आमच्या शेजारच्या प्रमोदिनीताईंच्या पोटात काही राहत नाही. शाळेत शिकवायच्या तेव्हा पेपरात काय येणार, हे मुलं त्यांच्या चेहऱ्यावरूनच ओळखायची. असली बाई घर विकायला निघाली म्हणजे दलालाच्या डोक्याला तापच.

पण विकणं भाग होतं. यजमान गेल्यापासून त्या एकट्या, गुडघे पार कामातून गेलेले, आणि पुण्याची लेक मृण्मयी फोनवर रडायची, "आई, ये ना गं इकडं."

दलाल अप्पाराव मोठा वस्ताद. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून त्यानं गिऱ्हाईक नेमकं पाण्याच्या दिवशी आणलं. त्याआधी अंगणातले पाणी साठवायचे निळे ड्रम गच्चीवर चढवून ताडपत्रीखाली दडवले. "काकू, तुम्ही फक्त चहा ठेवा. बोअरचं नाव काढू नका." बोअरचं पाणी होळीनंतर आटतं, हे साऱ्या गल्लीला ठाऊक!

फुलंब्रीचा शिवराज आणि त्याची बायको मंजुषा घर बघून गेले. ताई गप्प राहिल्या खऱ्या, पण नंतर त्यांना घास जाईना. शेवटी स्वतःच फोन केला, "परत या. अप्पारावांना सांगू नका."

ते आले तेव्हा नळ कोरडा होता. मीही जाऊन बसले. ताईंनी एका दमात सगळं सांगून टाकलं. बोअर, उन्हाळ्यातले टँकर, कपाटामागची ओल, गच्चीवरचे ड्रम. "आता नको म्हणालात तरी माझा राग नाही," म्हणाल्या. मला मात्र त्यांचा भयंकर राग आला. इतकं चांगलं गिऱ्हाईक हातानं घालवायचं म्हणजे काय!

शिवराज हसला. "काकू, आम्ही नाय म्हणायलाच आलो व्हतो."

"का रे बाबा?" ताईंनी विचारलं.

"मी रोज तुमच्या शहरात, औरंगपुऱ्यात कामाला येतो. बिगर ड्रमाचं घर हितं कुठं पाह्यलं नाय. तुमच्याकडं एकबी दिसंना. म्हणलं, ड्रम लपवणारी माणसं कागदात काय काय लपवतील?"

"आणि आता?" ताई पुढं सरकल्या.

"आता घेतो की," मंजुषा म्हणाली. "आमच्या शेतातला बोअर तरी कुठं वर्षभर चालतो? ओलीचं बघू आम्ही. तुम्ही बिनघोर जा."

मला एकदम हुश्श झालं. ताई तर सगळ्यांसमोर ढसाढसा रडल्या, आणि डोळे पुसत पुसतच त्यांनी मृण्मयीला फोन लावला.

"येते गं मी," त्या म्हणाल्या. "मान वर करून येते."