मामानं न मारलेली सोंगटी

मे महिन्यात मामा आठवडाभर आमच्याकडे राहायला यायचा आणि येताना पिशवीभर पुस्तकं आणायचा. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, अक्कलकोटला शाळेत मास्तर. सुट्टीत शाळेच्या पुस्तकांचं कपाट त्याच्याच ताब्यात असे. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात छापलेलं म्हणावं असं एक कॅलेंडर आणि वडिलांच्या चादरींच्या दुकानातली पावतीपुस्तकं, एवढंच होतं. त्यामुळे मामाच्या त्या पिशवीवर मी वर्षभर डोळा ठेवून असायची. तो दारात आला की आधी पिशवी ओढून घ्यायची आणि मग पाणी विचारायचं, अशी माझी रीत होती.

त्या आठवड्यात घराचं वळणच बदलायचं. दुपारी खिडकीला ओलं पोतं लावून आम्ही दोघं वाचत पडायचो. आई जाता-येता म्हणायची, "डोळं फुटतील गं, मग कोण करून घेतंय तुला." ऊन उतरलं की माळवदावर, घराच्या सपाट छपरावर, पाणी मारायचं, खडूनं चौका-बाराचा पट आखायचा आणि चौघांनी खेळायला बसायचं. आईच्या सोंगट्या म्हणजे हिरव्या बांगडीचे तुकडे, वडिलांच्या शेंगांची टरफलं, मामाचे खडे आणि माझे वाल. फासे म्हणून फोडलेले चिंचोके. मामा खेळात अतिशय दुष्ट होता. माझी सोंगटी त्याच्या माऱ्यात आली की तो बोटानं घरं मोजायचा, वाल उचलून माझ्या घरात फेकायचा आणि "गेली," म्हणायचा. लहानपणी मी त्यापायी रडले आहे. मोठेपणी मीही तितकीच दुष्ट झाले.

डाव चालू असतानाच त्याचं 'सांग बघू' सुरू व्हायचं. सांग बघू, मधमाशीला पाय किती? सांग बघू, भूतानची राजधानी कुठली? उत्तर आलं तर मूठभर शेंगा आणि गूळ. आईला एकही उत्तर यायचं नाही, पण शेंगा तीच फोडत असल्यामुळे तिचं काही अडत नसे.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मी घरी बसले होते, तो उन्हाळा. बहात्तरच्या दुष्काळाला दोन-तीन वर्षं झाली असतील. मामा आला. मी पिशवी ओढली, आत हात घातला, आणि हाताला लागली एक इरकल साडी. गर्द जांभळी, लाल काठांची. खाली त्याचे कपडे. पुस्तक एकही नाही.

"पुस्तकं कुठंयत?"

"यंदा कपाटाची किल्ली मिळाली नाही," मामा भिंतीकडे बघत म्हणाला.

"मग साडी काय वाचायची होय रे?"

एरवी या बोलण्यावर घर हसलं असतं. त्या दिवशी वडील उठून आत गेले. आईनं साडी माझ्या हातातून घेतली, काठावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मामानं हौसेनं आणलीया. उद्या नेस."

दुसऱ्या दिवशी मी नेसले. आईनं मला सिद्धेश्वराच्या देवळात नेलं, घरी आल्यावर वडिलांच्या पाया पडायला लावलं, शेजारच्या म्हाताऱ्या आजींच्याही. आजींनी नारळ दिला. पुरणपोळी झाली. परीक्षा संपली म्हणून हे सगळं, असं मी समजले. निकाल लागायचा होता हे कोणाच्याच लक्षात कसं नाही, याचं थोडं नवलही वाटलं.

संध्याकाळी पट मांडला. दुसऱ्याच फेरीत माझा वाल मामाच्या खड्याच्या पुढे अगदी टप्प्यात आला. मामाला हवं तेच दान पडलं. त्यानं दुसराच खडा हलवला. बघितलं नसेल, असं मला वाटलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच. वडील खेळात कधी फारसं लक्ष देत नसत, पण तेही म्हणाले, "अरे, मारता येतंय की."

"असू दे," मामा म्हणाला.

माझं डोकं फिरलं. त्यानं मला जिंकू दिलं, आणि तसलं जिंकणं म्हणजे तोंडावर मारल्यासारखं होतं. 'सांग बघू'ही त्यानं इतकं सोपं केलं, की चौथीतल्या पोरीनं उत्तरं दिली असती. मी चिंचोके तिथेच टाकून खाली निघून आले.

कारण कळलं ते शेजारच्या काकूंकडून. त्या पापड लाटायला आल्या होत्या. लाटता लाटता म्हणाल्या, "मग आता तिसरं वरीस अक्कलकोटास्नं येऊन-जाऊन करनार काय?"

मी म्हटलं, "अक्कलकोटाहून कशाला?"

काकूंनी लाटणं थांबवून आईकडे बघितलं. आई पीठ मळत राहिली.

आमच्यात भाची मामाला देतात. पहिला हक्क मामाचा. यात विशेष काही नव्हतं. माझ्या आजीनंही तिच्या मामाशीच लग्न केलेलं होतं. आणि मामानं आणलेली साडी नेसून मुलगी मोठ्यांच्या पाया पडली, की आमच्या घरात तो तिचा होकार धरतात, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. मी देवळापर्यंत मिरवत होकार देऊन आले होते.

काकू गेल्यावर मी आईसमोर उभी राहिले. "मला विचारलं का नाहीस?"

"तुला काय इचारायचं? लहानपणापासनं मामा मामा करत हुतीस की. त्यो यायचा म्हटलं की आठ दिस आधी उड्या मारत हुतीस." तिच्या आवाजात जराही लबाडी नव्हती. तिला खरंच वाटत होतं की मी कधीचंच सांगून ठेवलं आहे.

मला रडू आलं ते लग्नाच्या भीतीनं नव्हे. 'मला एवढ्यात लग्न करायचं नाही, शिकायचंय,' हे जगात ज्या एका माणसाला मी जाऊन सांगितलं असतं, तोच आता नवरा होणार होता. मग सांगायचं कोणाला? मी नको म्हणावं तर आईचं माहेर तोंडघशी पडतं. त्यानं नको म्हणावं तर मी सख्ख्या मामानं टाकलेली पोरगी ठरते. तशा पोरींविषयी पेठेत काय बोलतात ते मी ऐकलेलं होतं.

पुढचे दिवस वाईट गेले. मामा दुपारी ओसरीवर उताणा पडून राहायचा. मी जुनंच एक पुस्तक उघडून बसायची, पण वाचलेलं डोक्यात जात नव्हतं. संध्याकाळी मात्र पट मांडलाच जायचा, कारण वडिलांना वाटे, खेळ चालू आहे म्हणजे घर ठीक आहे. मामा माझाच वाल काय, कोणाचीच सोंगटी मारत नसे. आमच्या घरात नियम असा, की दुसऱ्याची सोंगटी मारल्याशिवाय आपली आतल्या घरात नेता येत नाही. त्याचे खडे बाहेरच्या बाहेर फिरत राहायचे.

तो जायच्या आदल्या संध्याकाळी वडील दुकानातून यायचे होते आणि आई खाली स्वयंपाकात होती. माळवदावर आम्ही दोघंच. मामानं उगाच सुरुवात केली, "सांग बघू, आपली भीमा शेवटी..."

"कृष्णेला मिळते. आज मी विचारणार. सांग बघू, माझा होकार तुला कोणी कळवला?"

तो पटावरचे चिंचोके गोळा करायला लागला. मग म्हणाला, "माझ्या आईनं. पोरीचा होकार हाय म्हणाली."

"आणि आजीला कोणी सांगितलं?"

"आक्कानं."

"आणि तुझ्या आक्काला कोणी सांगितलं?"

मामानं चिंचोके हातात घोळवले. आजवर माझ्या एकाही प्रश्नावर तो अडला नव्हता. तो म्हणाला, "माहीत नाही."

"तुला कोणी विचारलं?"

"मला कोण विचारतंय? मला सांगितलं. मी म्हटलं, तुझी मर्जी आहे तर तुला दुखवायचं कसं."

त्यानं चिंचोके टाकले. चारही पांढरे, चौका. माझा वाल त्याच्या खड्यापासून बरोबर चौथ्या घरात होता. त्यानं बोटानं घरं मोजली, एक, दोन, तीन, चार. वाल उचलला, माझ्या घरात फेकला आणि म्हणाला, "गेली."

मला इतकं बरं वाटलं, की मी पटावरच डोकं टेकून रडले. तोही डोळे पुसत होता.

सकाळी पिशवी खांद्याला लावून तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. "आक्का, मला हे लगीन करायचं न्हाय." माझं नाव त्यानं घेतलं नाही.

"माझ्या पोरीत काय खोट हाय?"

"खोट माझ्यात हाय म्हन."

मी मध्ये पडले. "आई, मीच नको म्हटलंय त्याला." आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्या लेखी, तिच्या सख्ख्या भावानं तिच्या दारात उभं राहून तिची लेक नाकारली होती, त्यापुढे माझ्या बोलण्याला अर्थ नव्हता. तिनं इरकलीची घडी केली, त्याच्या पिशवीत घातली आणि चुलीकडे वळली. चहाचं आधण तसंच उकळत राहिलं. मामा चहा न पिता एस.टी. स्टँडवर गेला.

जून महिन्यात मी तिसऱ्या वर्षाला जायला लागले. पेठेत लोक बोलायचं ते बोललेच. आई ते ऐकून घ्यायची आणि घरी येऊन भांडी जोरात आपटायची. मामाचा विषय निघाला की उठून जायची.

भाऊबीजेला मामा आला नाही. त्याला बोलावणंच नव्हतं. दिवसभर आई घर झाडत-पुसत राहिली. दिवेलागणीला तिनं तबक केलं आणि ती माळवदावर गेली. मीही मागोमाग गेले. पश्चिमेला बीजेची बारीक कोर होती. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, तशी आई चंद्राला ओवाळत होती.

मला राहवलं नाही. "आई, मामा आहे की गं."

"हाय की," ती म्हणाली. ओवाळून झाल्यावर तबक तिनं माझ्या हातात दिलं आणि पदरानं तोंड पुसलं.

"ठेव जा खाली. आन वाच जा तू."