डावीकडची जागा

माझा डावा हात आमच्या घरात कुणालाच कधी पटला नाही. लिहिण्यापुरता तो चालवून घेतला, कारण तिसरीतल्या बाईंनी माझ्यापुढे हात टेकले होते. पण जेवायला, वाढायला, द्यायला-घ्यायला उजवाच. पंगतीत एकदा चुकून डाव्या हाताने कोशिंबीर वाढली, तर काकूंनी असा चेहरा केला की जणू मी त्यांच्या पानात पालच टाकली. लग्नानंतर हे काम सासूबाईंनी हाती घेतलं. पुण्याहून जर्मनीत डार्मश्टाटला फोन करायच्या, मिनिटाला पैसे पडायचे, तरी विचारायच्या, "अगं, पाहुण्यांना तरी उजव्या हाताने वाढतेस ना?" मी हो म्हणायचे आणि ते खरंही असायचं. कुणी वडीलधारं माणूस समोर आलं की माझा डावा हात आपोआप मागे जायचा. या गोष्टीचा मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो. पण हात माझं ऐकत नव्हता.

ही गोष्ट दोन हजार चार-पाचच्या सुमाराची. नवरा तिथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होता आणि मी त्याच्या व्हिसावर आले होते. मला कामाची परवानगी नव्हती. सकाळी जर्मनचा क्लास, मग दिवसभर मी, माझी मेकॅनिकलची डिग्री आणि स्वयंपाकघर, अशी आमची तिघांची गाठ असायची.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक बल्गेरियन बाई राहायची. वय पन्नाशीच्या आसपास, औषध कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी, जर्मन अस्खलित. एकदा पोस्टमनने तिचं पार्सल माझ्याकडे ठेवलं होतं. ते न्यायला ती संध्याकाळी आली, तेव्हा मी कांदा चिरत होते. पार्सल हातात घेऊन ती तशीच उभी राहिली.

"तू डावखुरी आहेस?"

"हो. मग?" मी जरा तोडूनच म्हटलं. आता जर्मनीतही कुणी शिकवायला येणार की काय, असं मला वाटलं.

ती मात्र खुर्ची ओढून बसली आणि मला सगळं सांगायला लागली. तिची आई नुकतीच गावाहून आली होती. बल्गेरिया तेव्हा युरोपियन युनियनमध्ये नव्हता, त्यामुळे पाहुणी म्हणून राहायची मुभा तीनच महिने. आईचं गाव विणकरांचं. तिथे उभ्या मागावर लोकरीच्या सतरंज्या विणतात, पक्ष्यांच्या, झाडांच्या, काळ्या डोळ्यांच्या नवरीच्या. मोठी सतरंजी एकटीने विणायची नाही, एका बाकावर दोघींनी बसायचं. तिची आई आणि मावशी जन्मभर अशा बसल्या. आई उजवी, म्हणून उजवीकडे. मावशी डावखुरी, म्हणून डावीकडे. कोपराला कोपर लागत नाही आणि नक्षी मधून दोन्हीकडे सारखी उलगडत जाते. एकीचा पक्षी उजवीकडे बघतो, दुसरीचा डावीकडे. कागदावर काहीच काढलेलं नसतं, सगळं हातात.

मावशी आदल्या हिवाळ्यात गेली. सतरंजी अर्धीच राहिली आणि आईने मागाला हात लावणं सोडलं. गावातल्या तरुण पोरी कधीच इटली-स्पेनला गेल्या होत्या. बऱ्याच घरांतले माग जळणात गेले होते.

"मी सामानाच्या व्हॅनमधून माग इथे आणवला," ती म्हणाली. "विणलेलं अर्धं तसंच गुंडाळून. मी डावीकडे बसून बघितलं, तर तिने मला उठवलं. म्हणते, तुझा हात उलटा पडतो. आता परत गेली की हा मागही नेऊन चुलीत घालणार, असं बोलून दाखवलंय. आणि ती खोटं बोलत नाही."

मी म्हटलं, मला विणकाम येत नाही. ती म्हणाली, गेनाऊ, अगदी बरोबर, म्हणूनच तुला वाईट सवयी नसतील.

माग आमच्या बिल्डिंगच्या तळघरात होता, कपडे वाळवायच्या खोलीत. आधी वर फ्लॅटमध्येच लावला होता, पण धागा दाबून बसवायला जो लोखंडी पंजा असतो, त्याचा दणका खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी पहिल्याच दिवशी ऐकला आणि ते बिल्डिंगची नियमावली घेऊनच वर आले. मग ठरलं, विणायचं ते तळघरात आणि दुपारी एक ते तीन रुहेत्साइट पाळायची, म्हणजे तेवढा वेळ चिडीचूप.

दुसऱ्या दिवशी तिने अर्धी सुट्टी काढली आणि मला खाली नेलं. ओल्या चादरींच्या मागे माग उभा होता. बाकाच्या उजव्या टोकाला एक बारीकशी म्हातारी बसली होती, काळा स्वेटर, डोक्याला रुमाल, नजर मागाकडे. डावीकडची जागा रिकामी. मी हात जोडले. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि लाल लोकरीची गुंडाळी पुढे केली.

मी ती घेतली. अर्थातच उजव्या हाताने. तिने पंजा दिला, तोही उजव्या हाताने घेतला. तिने कसं ओवायचं ते दाखवलं आणि मी, एवढी मोठी बाई शेजारी बसलेली असताना, शहाण्या सुनेसारखी उजव्या हाताने ओवायला लागले. बोटं लाकडाची झाली होती. धागा कुठेही जात होता आणि माझं कोपर तिच्या कोपरावर आपटत होतं.

आजीने थोडा वेळ बघितलं. मग मुलीला काहीतरी खडसावून म्हणाली, बाकावरून उठली आणि आमच्याकडे पाठ करून कपड्यांच्या टोपलीवर जाऊन बसली.

मुलगी लालबुंद झाली होती. "ती म्हणते, मी तिला फसवलं. मावशीच्या जागेवर कुणाला तरी बसवायचं म्हणून उजवी बाई धरून आणली, म्हणते. तू उजव्या हाताने का विणतेयस?"

"अगं, त्या मोठ्या आहेत ना!" मी मराठीतच ओरडले. मग धडपडत जर्मनमध्ये सांगितलं, की आमच्याकडे मोठ्या माणसांसमोर डावा हात पुढे करत नाहीत.

मुलीने ते आईला सांगितलं. टोपलीवरून प्रश्न आला. मुलगी म्हणाली, "विचारतेय, का नाही?"

क्लासमध्ये नुकताच शिकलेला एक शब्द तेवढा आठवला, तो मी सांगितला. अस्वच्छ. तो सांगताना मला काकूंचा चेहरा दिसला आणि मी भयंकर चिडले, कुणावर ते कळलं नाही.

आजी उठून आली. तिने माझा डावा हात धरला, उलटा केला, सुलटा केला, नाकाशी नेऊन वास घेतला आणि एक वाक्य बोलली.

"ती म्हणते, कांद्याचा वास येतोय. बाकी हात चांगला आहे."

मग तिने पंजा त्या हातात ठेवला आणि माझी बोटं एकेक करून त्यावर मिटली. मला रडू आलं. आजवर कुठल्याही म्हाताऱ्या बाईने माझा तो हात ढकलण्याशिवाय दुसऱ्या कशासाठी धरला नव्हता.

त्यानंतर क्लास सुटला की मी रोज तळघरात. मुलगी कामावर असायची, त्यामुळे आमच्या दोघींत भाषा अशी नव्हतीच. मी तिच्या अर्ध्याकडे बघायचे आणि माझ्या अर्ध्यात तेच उलटं करायचे. माझी डोकेफोड उजव्या हाताने व्हायची तेवढी डाव्याने होत नव्हती, हे मला दोन-तीन दिवसांतच कळलं. दोघींचं विणकाम सारख्याच उंचीने वर चढायला हवं असे, म्हणून मी पुढे गेले की ती माझं मनगट धरून थांबवायची. एकदा तिने माझा अख्खा पक्षी न विचारता उसवला. मी भडकले. "अहो आजी, निदान सांगायचं तरी!" तिनेही बल्गेरियनमध्ये मला तेवढंच लांबलचक सुनावलं. दोघींना एकमेकींचं अक्षर कळलं नाही, पण दोघींचंही समाधान झालं. मग रुहेत्साइट सुरू झाली, मी चहा आणि थालीपीठ खाली आणलं, तिने स्वतः लावलेलं दही आणलं आणि आम्ही मुकाट्याने जेवलो. मी उजव्या हाताने.

एक गोष्ट मात्र माझ्या मनाला लागून राहिली. मावशीचा हात घट्ट होता, माझा सैल. तिचं विणकाम जिथे थांबलं होतं आणि माझं सुरू झालं होतं, तिथे एक बारीक आडवी रेघ दिसत होती. या सतरंजीला उलटी-सुलटी बाजू नसते, त्यामुळे ती दोन्हीकडून दिसायची. हात बसल्यावर मी तो भाग उसवून पुन्हा करायला निघाले, तर आजीने माझ्या हातावर चापट मारली.

सतरंजी संपली, तेव्हा तिच्या परतीला थोडेच दिवस राहिले होते. ती मागावरून उतरवताना आपापल्या बाजूचे ताणलेले उभे धागे आपण कापायचे, अशी त्यांची रीत. आजीने तिचे धागे कापले आणि कात्री माझ्याकडे केली. मी सवयीने उजवा हात पुढे केला. तिने कात्री सोडलीच नाही. मी हात बदलला, मग सोडली.

आम्ही सतरंजी तळघरातल्या फरशीवर पसरली. आजी गुडघ्यांवर बसून तिच्यावरून हात फिरवत वर आली आणि त्या रेघेपाशी थांबली. मुलीने हलकेच मला सांगितलं, "म्हणते, इथपर्यंत ती. इथून पुढे ही." आजी तशीच त्या रेघेवर हात ठेवून रडली, बराच वेळ. मुलगी मला नंतर म्हणाली, की मावशीच्या अंत्यविधीलाही ती रडली नव्हती.

बस सुटायच्या ठिकाणी मीही गेले होते. सतरंजी मुलीकडे राहणार होती, पण मागाचं काय करायचं ते ठरलं नव्हतं. इथेच ठेवू का, मुलीने विचारलं. आजी एवढ्या मोठ्याने ओरडली, की रांगेतले लोक वळून बघायला लागले.

"व्हॅनने गावी पाठव म्हणते," मुलगी हसत होती आणि डोळेही पुसत होती. "गेल्यावर आधी शाळेत जाणार आहे. कोणती मुलगी डाव्या हाताने लिहिते ते बाईंना विचारणार आहे. आणि बाई जर तिचा हात बदलायला निघाल्या असतील, तर त्यांना बघून घेणार आहे."

मी प्रवासासाठी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा आणला होता. बसचं दार उघडलं, लोक चढायला लागले. माझा उजवा हात मोकळा होता. मी डबा डाव्या हाताने पुढे केला.

आजीने तो दोन्ही हातांनी घेतला.