पाच आणि सहा नंबरचे ठसे

माझा स्वभाव तापट. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं नवल वाटायला नको.

माझे वडील कर्जतला एका छापखान्यात बाइंडर होते. सत्तरच्या दशकात लग्न होऊन मी खालापूरला आले, ती त्यांचं निम्मं सामान घेऊनच. नागमोडी कात्र्या, भोकं पाडायचे पंच, लाकडी ठसे. फावल्या वेळात मी शुभेच्छापत्रं करायची. पण कुठल्या कात्रीची कड कशी पडते, कुठला ठसा केवढा उमटतो, हे बघण्यात दरवेळी एक कागद फुकट. म्हणून एका दुपारी नमुनेच करून ठेवले. पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या, प्रत्येक पट्टीवर एकाच हत्याराची करामत आणि खाली नंबर. तोच नंबर हत्याराच्या मुठीवर चिकटवला. पट्ट्या नाडीत ओवून किल्ल्यांच्या जुडग्यासारख्या खिळ्याला टांगल्या. काय मिजास होती मला त्या जुडग्याची!

त्याच वर्षी नणंदेचं लग्न ठरलं. पत्रिका घरीच करायच्या, असं मी जाहीर करून टाकलं. आतला मजकूर कर्जतहून छापून आणला, कव्हरं माझ्याकडे. आमच्यात पत्रिकेवर पिंपळपान असतं. मी ठरवलं, खालच्या दोन कोपऱ्यांत दोन पानं, शेंडे एकमेकांकडे वळलेले. जुडग्यात बघितलं: उजवीकडे वळलेलं पान पाच नंबरच्या पट्टीवर, डावीकडे वळलेलं सहाच्या; म्हणजे डाव्या कोपऱ्याला पाच, उजव्याला सहा.

सासूबाई दोन दिवस माझ्या मागं घुटमळत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मला लिवता येत नाय, वाचता येत नाय. पोरीच्या पत्रिकेवर माज्या हातचं कायतरी असूं दे गं. पानं मी उठवते."

"नको आई, डाग पडतील. तुम्ही नुसते ठसे हातात द्या."

त्यांचा चेहरा एवढासा झाला. पण बसल्या शेजारी. अक्षर येत नसलं तरी आकडे त्यांना बाजारात वावरून येत होते. मी पाच म्हटलं की पाच, सहा म्हटलं की सहा. आधी तीस कव्हरांचे डावे कोपरे मारले. उजव्या कोपऱ्यांना हात घातला तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, ह्ये पान भाईर बगतंय."

"आई, तुम्ही नंबर बघा. बाकीचं माझ्यावर सोडा."

सगळं झाल्यावर कंबर ताठ केली, बघते तर काय! तीसच्या तीस कव्हरांवर पानं भांडलेल्या नवराबायकोसारखी पाठ फिरवून उभी. आणि ही लग्नाची पत्रिका!

"एक काम सांगितलं तेही धड होत नाही! उलटे ठसे दिलेत तुम्ही!" मी ओरडलेच.

"तू पाच म्हनलीस, मी पाच दिला," एवढंच बोलून त्या उठल्या आणि मागच्या दारी तांदूळ निवडत बसल्या.

रागारागातच मी पाच नंबरची पट्टी आणि पाच नंबरचा ठसा शेजारी धरला. अगदी जुळत होते. आणि तिथंच माझी चूक होती! ठशावर चित्र उलटं कोरलेलं असतं, कागदावर ते सुलटं उमटतं. जो ठसा पट्टीसारखा दिसतो, तो तिच्यावरचा नव्हेच. नंबर चिकटवताना मी लाकडावरचं कोरीव चित्रच पट्टीशी जुळवलं होतं. फुलं, दिवे दोन्हीकडून सारखे, तिथं खपून गेलं. पानांची मात्र अदलाबदल झाली. छापखान्यातल्या माणसाची लेक मी! लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मागच्या दारी गेले. "आई, नंबर मीच उलटे चिकटवलेत."

त्या तांदूळच निवडत राहिल्या. "आनि मी काय म्हनलं व्हतं?"

"पान बाहेर बघतंय."

"मंग?"

"मग काय, चुकलं माझं. उगाच बोलले तुम्हाला." मला रडूच फुटलं.

सूप बाजूला सारून त्या आत आल्या आणि थेट माझ्या जागेवर बसल्या. "काप दुसरे कागद. ठसं तू दे. पानं मी उठवनार."

मी निमूटपणे कव्हरं कापली, नंबर बदलून चिकटवले. पहिलं पान जरा फिकट उठलं. दहाव्यापर्यंत हात असा बसला की माझ्याहून स्वच्छ पान उठायला लागलं. डाग म्हणाल तर एकही नाही.

तेवढ्यात नणंद आली. वाळत घातलेल्या कव्हरांकडे बघत म्हणाली, "वैनी, किती छान! तूच उठवलीस ना?"

"आईंनी."

ती आईकडे बघतच राहिली. "आई, तू?"

सासूबाईंनी मान वर केली नाही. पदरानं डोळे पुसले आणि माझ्यापुढं हात पसरून खेकसल्या, "बगत काय बसलीस सूनबाई? सहा दे."