नकुसाचं नाव बदलायचं होतं

खडूची भुकटी रोज झाडली नाही की साठते. आमच्या रहिमतपूरच्या शाळेत हेडमास्तरांचे किस्से तसेच साठले. लढाईची वर्षं, चहाला साखर नाही. मास्तरांच्या खोलीत तोंड गोड करायला तेवढंच होतं.

हेडमास्तर सांगलीचे. प्रत्येक नाव संस्कृतातूनच आलं, हे त्यांचं ठाम मत, आणि त्यासाठी एक जाड वही. शाळेतल्या एका पोराचं नाव केरबा, ते म्हणे 'करवीर'वरून आलं! त्याला शाळेत सोडायला आलेली आजी समोरच होती. ती म्हणाली, आधीची दोन पोरं गेली, म्हणून ह्याला जन्मल्या जन्मल्या केरात ठेवला आणि सुपात उचलून घेतला, म्हणून केरबा.

"आजी, तुम्हाला ठाऊक नाही," हेडमास्तर म्हणाले. जसं काही केरात यांनीच टाकला होता!

*

'लय' या शब्दावर तर त्यांचा भारी राग. पोरांनी 'फार' म्हणायचं, नाहीतर हातावर छडी. एकदा कपाटातून ती वही काढताना त्यांना विंचू चावला. अख्खी शाळा गोळा झाली. कुठं चावला विचारलं, तर हे हात धरून ओरडताहेत, "लय आग व्हतीया रं, लय!"

चौथीची पोरं एका सुरात म्हणाली, "फार म्हणा, गुरुजी."

*

चौथी माझ्याकडे. तिथंच नकुसा होती, वर्गात पहिली. हेडमास्तरांनी लगेच शोध लावला: नकुसा म्हणजे 'निकष', कसाला उतरलेलं सोनं. शहाणाच माणूस!

"न्हाई गुरुजी," पोर म्हणाली. "मी चौथी पोरगी. नको हुती, म्हून नकुसा." मग मला म्हणाली, दाखल्यावर तरी सुमन लिहा. हेडमास्तरांनी पहिल्यांदाच वही मिटली आणि बापाला बोलावून घेतलं.

बाप पलटणीतून पाय जायबंदी होऊन घरी आलेला. म्हणाला, बायको पोटुशी हाय, पोरगा होईपर्यंत नावाला हात लावू नका. मग खुशाल बदला. पोरीनं ते ऐकलं आणि दिवस मोजायला लागली. देवळात नवससुद्धा बोलली म्हणे, भाऊ होऊ दे म्हणून.

शिमग्याच्या तोंडावर भाऊ झाला. नकुसा गुळाचा खडा घेऊन धावतच शाळेत आली. मी दौत-टाक घेऊन दाखला लिहायला बसलो. तेवढ्यात लंगडत बाप आला आणि त्यानं माझा हात धरला.

"आवं गुरुजी, ह्याच नावानं तर पोरगा दिला. आता कसं बदलायचं?"